केशरोपणानंतरची सूज

कोकणात किंवा मावळात भाताची लावणी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना एक गोष्ट ठाऊक असते. तरवा उपटून खाचरात लावला की पहिले काही दिवस रोपे पिवळी पडतात, माना टाकतात. नवख्याला वाटते, पीक गेले. शेतकरी मात्र स्वस्थ असतो. डोक्याच्या एका भागातील केस मुळांसह काढून टकलाच्या जागी लावण्याच्या शस्त्रक्रियेला केशरोपण हे नाव पडले आहे, आणि ते मोठे समर्पक आहे. परंतु त्या शेतकऱ्याचा धीर आणि जाणतेपणा रुग्णाजवळ क्वचितच असतो. शस्त्रक्रिया एका दिवसात उरकते. रुग्ण त्याच संध्याकाळी घरी परततो किंवा परगावचा असल्यास दुसऱ्या दिवशी गाडीत बसतो. तिसऱ्या दिवशी सकाळी आरशात पाहावे तो कपाळ फुगलेले आणि डोळे अर्धवट मिटलेले! घरात घबराट उडते. कोणी डोक्यावर बर्फ ठेवतो, कोणी हळदीचा लेप सुचवतो. कधी याच्या उलटही घडते. खरोखर धोक्याची असलेली सूज ‘असे व्हायचेच’ म्हणून अंगावर काढली जाते. या दोन्ही चुका टाळावयाच्या तर सूज का येते, कोणत्या दिवशी येते आणि कधी ओसरते, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

या शस्त्रक्रियेचे मूळ फार जुने नाही. जपानमधील त्वचारोगतज्ज्ञ ओकुदा यांनी १९३९ मध्ये केसांसह त्वचेचे बारीक तुकडे रोपण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पुढे न्यूयॉर्कमध्ये डॉक्टर नॉर्मन ओरेंट्राइश यांनी १९५२ पासून पुरुषांच्या टकलावर हा प्रयोग केला आणि १९५९ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. केस ज्या जागेवरून आणावा, त्या जागेचा गुणधर्म तो आपल्याबरोबर आणतो, हा त्यांतील मुख्य सिद्धान्त. डोक्याच्या मागील भागातील केस सहसा गळत नाहीत. म्हणून तेथून आणलेले केस पुढेही बहुधा टिकतात. आज एका बैठकीत अशी दोन-तीन हजार मुळे एकेक करून लावली जातात आणि त्या कामास सहा-आठ तास लागतात.

सुजेचे कारण या कामातच दडलेले आहे. डोके बधिर करण्यासाठी लिग्नोकेन, रक्तस्राव कमी व्हावा म्हणून अॅड्रेनलिन आणि त्वचा ताठ उचलली जावी म्हणून सलाइन, असे बरेच द्रव त्वचेखाली टोचावे लागते. त्यात हजारो सूक्ष्म जखमांमुळे शरीर स्वतःहून पाझरवीत असलेल्या द्रवाची भर पडते. हे पाणी जाणार कोठे? कवटीवरील त्वचेखाली एक पातळ, बळकट पडदा असतो आणि त्याच्याखाली सैल ऊतींचा थर असतो. मानेकडच्या बाजूस हा पडदा हाडाला घट्ट चिकटलेला आहे. कपाळाचा स्नायू मात्र पुढे हाडाला चिकटलेला नसून भुवयांच्या त्वचेत मिसळून जातो. साहजिकच द्रवाला मागची वाट बंद आणि पुढची मोकळी असते. गुरुत्वाकर्षणाने ते कपाळावर उतरते, तेथून पापण्यांत आणि नाकाच्या मुळाशी येते. म्हणूनच शस्त्रक्रिया डोक्यावर झालेली असताना सूज तोंडावर दिसते. ती बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी वाढते आणि आठवड्याच्या आत ओसरते. दोन्ही बाजूंस सारखी, मऊ, फारशी न दुखणारी आणि दिवसागणिक खाली सरकणारी सूज ही केवळ वाटेला लागलेले पाणी होय.

कारण कळले की उपायही आपोआप उलगडतात. पहिल्या चार-पाच रात्री पाठीवरच आणि दोन-तीन उशा घेऊन डोके उंच ठेवून निजावे. दिवसा वाकून वस्तू उचलणे, ओणवे होऊन काम करणे, व्यायाम किंवा सूर्यनमस्कार घालणे टाळावे. थंड पाण्याच्या घड्या कपाळावर दहा-पंधरा मिनिटे ठेवाव्यात. रोपण झालेल्या जागी मात्र बर्फ कदापि ठेवू नये. तेथील त्वचा बधिर असते, तिला गारठ्याने इजा झाली तरी कळत नाही, शिवाय दाबाने मुळे निखळतात. काही डॉक्टर सूज कमी करण्यासाठी थोड्या दिवसांपुरती स्टेरॉइडची औषधे देतात. ती गुणकारी असतात, पण त्यांनी रक्तातील साखर वाढते. म्हणून मधुमेह किंवा जठरव्रण असलेल्याने तो आधीच सांगावा आणि शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरून ही औषधे कोणीही घेऊ नयेत.

रोपलेली मुळे पहिले दोन-तीन दिवस केवळ रक्ताच्या गोठलेल्या थराने धरलेली असतात. सुमारे नवव्या-दहाव्या दिवसापर्यंत ती पक्की रुजतात. तोवर खाजवणे, टॉवेलने पुसणे, घट्ट टोपी वा हेल्मेट घालणे वर्ज्य. डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसापासून तांब्याने हळुवार पाणी ओतून डोके धुवावे, म्हणजे खपल्या मऊ होऊन आठ-दहा दिवसांत आपोआप सुटतात. आपल्याकडे डोक्यावर तेल चोळणे ही मायेची खूण आहे. ही माया काही आठवडे आवरती घ्यावी. तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात आणि नव्या मुळांचे पोषण तुटते, म्हणून ती दूर ठेवावी.

आता धोक्याची सूज कोणती, ते पाहू. शस्त्रक्रिया चालू असता किंवा औषध घेतल्यावर थोड्याच वेळात ओठ, जीभ सुजणे, अंगावर गांधी उठणे, श्वास कोंडणे, चक्कर येणे ही तीव्र अॅलर्जीची लक्षणे आहेत. अशा वेळी मिनिटेही मोलाची असतात. रुग्णास तत्काळ मोठ्या रुग्णालयात न्यावे. चौथ्या-पाचव्या दिवसानंतर ओसरण्याऐवजी वाढणारी, एकाच बाजूची, लाल, गरम आणि ठणकणारी सूज, पू किंवा ताप असल्यास जंतुसंसर्गाची शंका घ्यावी. रोपणाच्या जागी त्वचा काळवंडू लागली, डोळा दुखू लागला किंवा अंधुक दिसू लागले, तर उद्याची वाट पाहू नये.

हे भय निराधार नाही. केशरोपणानंतर दोन अभियंत्यांचा मृत्यू झाल्याच्या तक्रारी २०२५ मध्ये कानपूर येथे पोलिसांकडे आल्या आणि देशभर त्यांची चर्चा झाली. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने त्यापूर्वीच, २०२२ मध्ये, मार्गदर्शक सूचना काढून ही शस्त्रक्रिया योग्य प्रशिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरांनीच करावी आणि चित्रफिती पाहून मिळविलेले ज्ञान हे प्रशिक्षण नव्हे, असे स्पष्ट केले होते. तेव्हा जाहिरातीतील दर विचारण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत: सुरी कोणाच्या हाती असेल, आणीबाणीसाठी प्राणवायू आणि औषधे जवळ आहेत काय, आणि तिसऱ्या दिवशी रात्री दूरध्वनी केला तर उत्तर कोण देईल? परगावी जाऊन शस्त्रक्रिया करून घेणाऱ्याने सुजेचे पहिले चार-पाच दिवस शक्यतो त्याच गावी काढावेत.

सूज उतरली म्हणजे परीक्षा संपली असेही नाही. दोन ते सहा आठवड्यांत रोपलेले केस गळून पडतात आणि रुग्णाचे मन खचते. वस्तुतः हीच भाताची मान टाकलेली अवस्था होय. धक्क्यामुळे केस विश्रांतीच्या अवस्थेत जातो. दांडा गळतो, मूळ त्वचेखाली जिवंत राहते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बारीक केस डोकावू लागतात, आणि खरे रूप दिसण्यास वर्ष, तर टाळूच्या जागी कधी दीड वर्षही लागते. लग्नाची तिथी महिन्यावर आली असता केशरोपण करून घेणाऱ्या तरुणाने हे गणित ध्यानी घ्यावे. मांडवात तो पूर्वीपेक्षाही विरळ केसांनी उभा राहण्याची शक्यता अधिक.

टक्कल हा जिवावर बेतणारा आजार नाही. त्यावरचा उपाय जिवावर बेतू नये, एवढी दक्षता रुग्णाच्या आणि त्याच्या घरच्यांच्या हाती निश्चितच आहे. ओसरत जाणाऱ्या सुजेला वेळ द्यावा आणि वाढत जाणाऱ्या सुजेला क्षणाचाही वेळ देऊ नये, हा भेद ज्या घरात ठाऊक आहे, तेथे तिसऱ्या दिवशीचा आरसा कोणाला भिववणार नाही.