बुडालेल्या बांधांचे मासे

अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या वरच्या अंगाला, मिनेसोटा-विस्कॉन्सिनच्या सीमेवर आणि तिथून खाली आयोवा-इलिनॉयपर्यंत, ऐन उन्हाळ्यात वॉलआय मासा धरायचा म्हणजे आधी पाण्याखालचा दगडी बांध शोधायचा, असा रिवाज आहे. काठापासून प्रवाहात आडवे घुसलेले हे बांध, तिथल्या भाषेत विंग डॅम, बाहेरून दिसत नाहीत. पृष्ठभागावर पाणी एका रेषेत उकळल्यासारखं वर येताना दिसतं, आणि ती रेषाही बांधाच्या डोक्यावर नसते, थोडी खालच्या बाजूला असते. रेषेलाच बांध समजून नाव हाकली, की इंजिनाचा पंखा दगडावर आपटलाच. जिथे बांध तिथे वॉलआय हा अनुभव इतका पक्का आहे, की बांधांनी नदीचं भलं केलं, असं पुष्कळांना सहज वाटतं. हा समज मला घाईचा वाटतो. बांध ज्या कामासाठी उभारले ते माशांच्या सोयीचं नव्हतं. मासे तिथे जमू लागले ते बांध पाण्याखाली गेल्यामुळे, आणि आसपासच्या नदीत दगड फारसा उरला नाही म्हणून.

मूळ काम जहाजांसाठी होतं. 1878 मध्ये अमेरिकी काँग्रेसनं वरच्या मिसिसिपीत साडेचार फूट खोलीचा जलमार्ग मंजूर केला, 1907 मध्ये ती खोली सहा फुटांवर नेली, आणि हे सगळं लष्कराच्या इंजिनिअर विभागाकडे सोपवलं. नदी रुंद, उथळ आणि वाळूची. उन्हाळ्यात आगबोटी रुतायच्या. उपाय साधा होता: दोन्ही काठांनी आडवे बांध घालून नदीला आवळायचं, म्हणजे मधल्या चिंचोळ्या वाटेत पाण्याचा वेग वाढेल आणि ते स्वतःच तळाची वाळू खरवडून नेईल. बांधायचं साहित्यही नदीकाठचंच. बेटांवरच्या विलोच्या फांद्या तोडून, मोळ्या बांधून त्यांच्या गाद्या करायच्या, त्या पाण्यात सोडून वर दगड लोटायचा, पुन्हा गादी, पुन्हा दगड. शिवाय बाजूच्या फाट्यांच्या तोंडाशीही असेच बांध घालून त्यांचं पाणी मुख्य प्रवाहात वळवलं. सेंट पॉल ते सेंट लुईसच्या दरम्यान हजाराहून अधिक बांध झाले. इंजिनिअर विभागात नकाशे काढणारा हेन्री बॉसी यानं 1880 च्या दशकात नदीची निळ्या छटेची छायाचित्रं काढली. काठावरून नदीत घुसलेल्या बांधांच्या रांगा त्यांत स्पष्ट दिसतात. असे बांध पुढे दोन बांधांमधल्या मंद पाण्यात गाळ साठवत, गाळावर झाडं उगवत आणि काठच नदीकडे सरकत येई. इंजिनिअरच्या दृष्टीनं हे यश होतं. माशांच्या दृष्टीनं पाणथळ जागा कमी होत होत्या.

मग 1930 मध्ये नऊ फुटी मार्गाचा कायदा आला. आता नदी आवळून भागेना, म्हणून तिच्यावर पायऱ्यांसारखी धरणं आणि जहाजांसाठी जलपाश बांधले गेले. ती बहुतेक कामं त्याच दशकात उरकली. पाण्याची पातळी चढली आणि जुने बांध जागच्या जागी बुडाले. आगबोटींच्या काळातलं त्यांचं महत्त्व ओसरलं, पण प्रवाहाला अडवायचं काम ते पाण्याखालून करतच राहिले. वरून येणारं पाणी दगडी भिंतीवर आदळतं. काही वर उसळून ओलांडून जातं, काही तळाकडे वळतं, आणि भिंतीच्या पुढ्यात, वरच्या अंगाला, मंद पाण्याचा एक पट्टा तयार होतो. वॉलआयला नेमका हाच पट्टा मानवतो: अंग फारसं न हलवता थांबायचं आणि प्रवाहातून वाहत येणारा लहान मासा उचलायचा. त्याच्या डोळ्यात मागे प्रकाश परतवणारा थर असतो, त्यामुळे गढूळ पाण्यात आणि कातरवेळी त्याला इतरांपेक्षा बरं दिसतं. नवखा माणूस बांधाच्या आडोशाला, म्हणजे खालच्या बाजूला गळ टाकतो. जाणता वरच्या तोंडावर टाकतो. नाव बांधाच्या बरीच वर नांगरायची, शिशाच्या वजनानं गांडूळ किंवा तरंगतं कृत्रिम आमिष प्रवाहाबरोबर मागे सोडत दगडांपर्यंत न्यायचं. नांगर मात्र पुढच्या टोकाला हवा. मागच्या टोकाला बांधला तर जोरदार प्रवाहात नाव पाणी घेऊन बुडू शकते. आणि हे सगळं उन्हाळ्याचं. वसंतात पाणी फुगलेलं असताना हेच मासे दुसरीकडे, धरणांच्या पायथ्याशी वगैरे, सापडतात.

यावर आक्षेप येईल: कारण काहीही असो, आज बांध मासे देतात ना? देतात, पण जमणं म्हणजे वाढणं नव्हे. वाळूच्या नदीत दगडाला अप्रूप असतं. रॉक आयलंड आणि किओकक इथे मात्र नदीचा तळ नैसर्गिक खडकाचा होता. किओककचे खळाळ तर 1913 च्या धरणानंच गिळले. खडक असा बुडाल्यावर माणसानं टाकलेल्या दगडांवर झिंगे, कीटकांच्या अळ्या आणि त्यांच्यामागे मासे येणारच. पण वॉलआय अंडी घालायला बांधावरच थांबतो असं नाही. वरच्या मिसिसिपीत तो वसंतातल्या भरत्या पाण्यात बुडालेल्या गवतावरही अंडी घालतो. बांध हे त्याचं जेवणघर आहे, पाळणाघर नाही. पाळणाघरं आहेत ती बाजूच्या दलदलीत, उपफाट्यांत, म्हणजे नेमक्या त्या जागांत, ज्यांची तोंडं जुन्या योजनेनं बंद केली. 1930 नंतर पाणी चढल्यावर अशा दलदली काही काळ पसरल्या हे खरं, पण साचलेल्या पाण्यात गाळ बसत गेला आणि लाटांनी बेटं खाल्ली. म्हणून 1986 मध्ये नदीच्या पुनरुज्जीवनाचा कार्यक्रम मंजूर झाला, बेटं पुन्हा घातली जाऊ लागली, आणि 2001 व 2002 मध्ये ला क्रॉस गावाजवळच्या, आठव्या धरणामागच्या साठ्यात पाणी मुद्दाम उतरवून तळावर वनस्पती उगवू दिल्या. गळ टाकणाऱ्याची चिंता खरं तर तिथे असायला हवी.

दुसरा आक्षेप उलट्या बाजूचा: मग हे बांध उखडूनच टाका. सेंट लुईसच्या खाली, जिथे जलपाश नाहीत, तिथे अशा बांधांनी पुराची पातळी वाढते असं काही संशोधक म्हणतात, इंजिनिअर विभाग ते मानत नाही, आणि 2011 मध्ये अमेरिकी सरकारच्या हिशेबतपासणी कार्यालयानंही हा वाद मिटवण्याची गरज नोंदवली. तो प्रश्न उघड्या, उंच बांधांचा आहे. वरच्या नदीतल्या बुडालेल्या बांधांना जसाच्या तसा लागू करता येत नाही. त्यातून सरसकट उखडल्यानं बंद झालेले फाटे आपोआप जिवंत होणार नाहीत. सध्या दिसतो तो मधला मार्ग मला जास्त पटतो: बांधात खाच पाडायची, म्हणजे खाचेतून पाणी वेगानं जाऊन खालच्या बाजूला खड्डा खोदतं आणि सपाट गाळात खोल-उथळ असा फरक पडतो. खाच कुठे, किती रुंद, किती खोल, हे मात्र प्रत्येक बांधाच्या जागी प्रवाह मोजूनच ठरवावं लागतं, आणि चुकली तर काठच कापला जातो.