रानातले यांत्रिक कान कोणासाठी?

ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्पाच्या मोहर्ली प्रवेशद्वारातून पहाटे ज्या गाड्या आत शिरतात, त्यांतील पर्यटक वाघ पाहण्याच्या आशेने आलेले असतात. गाडीचा चालक आणि गाईड हे मात्र मोहर्ली व भोवतालच्या गावांतले. ते वाघ आधी पाहत नाहीत, ऐकतात. वाघ स्वतः क्वचितच बोलतो. त्याची वर्दी देतात ती इतर जनावरे. वानर झाडाच्या शेंड्यावरून खोकल्यासारखा आवाज काढते, चितळ तीक्ष्ण हाक देते, भेकर कुत्र्यासारखे भुंकते. वानर बिबट्यालाही भिते, चितळ कधीकधी उगाच बिचकते. पण सांबर एका जागी उभे राहून पुनःपुन्हा ओरडू लागले की चालक इंजिन बंद करतो आणि गाडीत शांतता पसरते. या श्रवणविद्येवर येथील कित्येक घरांच्या चुली पेटतात. तिची पदवी मात्र कोणतेही विद्यापीठ देत नाही.

हीच विद्या आता यंत्राला शिकविता येऊ लागली आहे. काडेपेटीहून फारसे मोठे नसलेले ध्वनिमुद्रक यंत्र झाडाला बांधून ठेवावयाचे, त्याने दिवसरात्र कानावर पडेल ते टिपावयाचे आणि ते सारे संगणकाने चाळावयाचे, अशी ही पद्धती आहे. संगणक आवाज ‘ऐकत’ नाही. तो त्याचे चित्र काढतो. आडव्या रेषेवर काळ, उभ्या रेषेवर स्वराची उंची आणि रंगाच्या गडदपणाने त्याचा जोर दाखविला, की प्रत्येक प्राण्याच्या हाकेला एक आकृती लाभते. अशा हजारो आकृत्या नावांसह दाखविल्या की कृत्रिम बुद्धिमत्ता त्यांतील साम्य शोधावयास शिकते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठ आणि जर्मनीतील केम्निट्झ तंत्रविद्यापीठ यांनी मिळून घडविलेली ‘बर्डनेट’ ही प्रणाली आज ६,००० हून अधिक जातींचे आवाज ओळखते. महाराष्ट्रही या शास्त्राला अगदीच परका नाही. येथील माळरानांवरच्या लांडग्यांचे आरोळणे ध्वनिमुद्रित करून, केवळ आवाजावरून एक लांडगा दुसऱ्यापासून वेगळा ओळखता येतो काय, याचा अभ्यास भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी केला आणि तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. उत्तर बऱ्याच अंशी होकारार्थी आले.

यंत्राची गरज का भासावी, हे साध्या गणिताने कळते. एक ध्वनिमुद्रक महिनाभर अखंड चालला तर ७२० तासांचे ध्वनिमुद्रण जमते. रोज आठ तास ऐकणाऱ्या कारकुनाला ते संपविण्यास ९० दिवस लागतील. असे वीस ध्वनिमुद्रक असतील तर १,८०० दिवस. कॅमेऱ्यांच्या बाबतीत हा अनुभव आधीच येऊन गेला आहे. २०१८ सालच्या व्याघ्रगणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले गेले आणि त्यांत साडेतीन कोटींच्या घरात छायाचित्रे जमली. संगणकाच्या साहाय्यावाचून ती निवडणे केवळ अशक्य होते. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ असल्याचा अंदाज निघाला, त्यांतील ९७ एकट्या ताडोबात.

पण गणनेचा आणखी एक हिशेब असतो, तो कोष्टकात येत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये या गणनेच्या पूर्वतयारीसाठी कोलारा परिक्षेत्रात पायी चिन्हे शोधत निघालेल्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. यंत्रामुळे अशी पायपीट थोडी जरी कमी होणार असेल, तरी त्याचे स्वागतच करावयास हवे. ‘यंत्र आले की माणूस बेकार होतो’ हा आक्षेप येथे लागू पडत नाही. वाघाच्या वाटेवर नि:शस्त्र चालणे हा काही टिकविण्याजोगा रोजगार नव्हे.

तरीही रान म्हणजे प्रयोगशाळा नव्हे. भृंगराज पक्षी इतर पाखरांच्या, त्यांच्या भयसूचक हाकांच्याही हुबेहूब नकला करतो. उन्हाळ्यात वाळक्या सागवानी पानांवर उंदीर धावला तरी मोठे जनावर चालल्याचा भास होतो. पावसाळ्यात पाऊस आणि रातकिडे मिळून सारे बुडवून टाकतात. शिवाय चंद्रपूर हा कोळशाचा जिल्हा आहे. खाणींतील सुरुंगांचे आवाज आणि अवजड वाहनांची घरघर जंगलाच्या कडेला नित्याची आहे. परदेशातील अरण्यांत तयार झालेली प्रणाली येथे आणून टांगली, तर ती गोंधळणारच. तिला इथलेच आवाज, इथल्याच गोंगाटासह, नावानिशी शिकवावे लागतील.

अर्थशास्त्राचा प्रश्न नेमका येथे उपस्थित होतो. यंत्र आता काही हजार रुपयांत मिळते आणि दिवसेंदिवस स्वस्त होते आहे. दुर्मिळ आहे तो जाणता कान. एखादी हाक सांबराची की नीलगाईची, ती भयाची की माजाची, हे ठरविणारा माणूस कारखान्यात तयार होत नाही. तो मोहर्लीत आहे, कोळसा-झरीकडच्या रानांत आहे, गडचिरोलीच्या माडिया पाड्यांवर आहे. मारुती चितमपल्ली यांनी वनखात्याच्या नोकरीत आयुष्य घालवताना आदिवासींकडून रानाची भाषा टिपून घेतली, ‘पक्षिकोश’ सिद्ध केला. २०२५ साली, पद्मश्री मिळाल्याच्याच वर्षी, ते निवर्तले. त्यांनी जे एकट्याने केले, ते आता पद्धतशीरपणे आणि मोबदला देऊन करता येण्याजोगे आहे. सरकारी व्यवहारात मात्र यंत्राच्या खरेदीची निविदा निघते, देखभालीचा करारही होतो. आवाज ओळखून देणाऱ्याच्या मजुरीचे लेखाशीर्ष सापडत नाही. त्याचे ज्ञान ‘स्थानिक सहकार्य’ या नावाखाली फुकट घेतले जाते आणि त्यातून तयार झालेली प्रणाली पुढे विकली जाऊ शकते. हा व्यवहार न्याय्य नाही.

दुसरा प्रश्न वेळेचा. संशोधनासाठी टिपलेला आवाज महिन्याने उतरवून घेतला तरी चालतो. गावासाठी तो त्या क्षणी कळला पाहिजे. मोहर्लीजवळच्या सीतारामपेठ येथे २०२३ साली कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे कॅमेरे बसविण्यात आले. वाघ, बिबट्या वा अस्वल गावाकडे येताना दिसले की वनकर्मचारी व ग्रामस्थ यांना इशारा मिळावा, ही त्यामागील कल्पना. दिशा योग्य आहे. पण कॅमेऱ्याला समोरचेच दिसते, झुडपामागचे दिसत नाही. ध्वनीला अशी आडकाठी कमी. आसाम-बंगालकडील काही लोहमार्गांवर रेल्वेने २०२२ पासून, जमिनीत पुरलेल्या प्रकाशतंतूंच्या साहाय्याने हत्तींच्या पावलांची कंपने ओळखणारी व्यवस्था बसविली. ऑक्टोबर २०२१ पासून रानटी हत्ती गडचिरोलीतही येऊन राहिले आहेत. आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये चिचपल्लीजवळ बल्लारशा-गोंदिया लोहमार्गावर वाघाचे तीन बछडे आगगाडीखाली सापडले होते. अशा ठिकाणी खर्च करावयाचा की पर्यटकांना वाघ हमखास दिसावा यासाठी, याचा निर्णय आधी व्हावयास हवा. हमखास दर्शनाची मागणी करणारे बोलके आहेत आणि त्यांच्याजवळ पैसा आहे, म्हणून ही चिंता.

१० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडावयास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. तेंदूच्या हंगामाची मुदत मोजक्या दिवसांची. वाघ आहे हे ठाऊक असूनही मजुरीसाठी रानात जावेच लागते. या स्त्रियांचे संरक्षण म्हणजे त्यांचा स्वतःचा आवाज. मोहाच्या नि तेंदूच्या दिवसांत बाया एकमेकींना हाका देत, बोलत-गात पुढे सरकतात, म्हणजे जनावर बाजूला होते. कॉर्बेट अभयारण्याच्या परिसरात केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी केलेला अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला, तो या संदर्भात अस्वस्थ करणारा आहे. वन्यजीवांसाठी लावलेले कॅमेरे, ध्वनिमुद्रक आणि ड्रोन आपल्यावर पाळत ठेवतात, या जाणिवेने तेथील स्त्रियांनी रानात मोकळेपणी बोलणे, गाणे कमी केले. वाघाला दूर ठेवणारा आवाजच थांबला. त्यांच्यातील एक स्त्री पुढे वाघाच्या हल्ल्यात दगावली.

ध्वनिमुद्रक वानराची हाक टिपतो तसे सरपण गोळा करणाऱ्या बायकांचे संभाषणही टिपतो. ते कोण ऐकणार, किती दिवस ठेवणार, त्यावरून कोणावर वनगुन्हा दाखल होणार काय, याविषयी लेखी नियम हवेत. आणि ते ठरविताना ग्रामसभेला विचारणे हा उपकार नव्हे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावांना जंगलाच्या रक्षणाचा आणि व्यवस्थापनाचा अधिकार दिला आहे. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाने २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळविला आणि २०११ पासून आपला बांबू स्वतः विकला. ज्या गावाला बांबूचा हिशेब ठेवता येतो, त्याला ध्वनिमुद्रणांच्या पेटीची किल्लीही सांभाळता येईल. माणसांचा आवाज आढळताच तो भाग पुसून टाकणे संगणकाला कठीण नाही. तसे आज्ञापत्र मात्र वनखात्याला काढावे लागेल, आणि तेही येत्या तेंदू हंगामाच्या आधी.