फेलोशिप कुणाच्या नावावर?

एमएस्सीचा निकाल लागला की मायक्रोबायोलॉजी, बायोटेक्नॉलॉजी, झूऑलॉजीची मुलं संशोधन संस्थांच्या जाहिराती चाळू लागतात. पुण्यात त्यांना दूर जावं लागत नाही. पाषाणला आयसर आणि एनसीएल, विद्यापीठाच्या आवारात एनसीसीएस, शिवाय आगरकर संस्था आणि एनआयव्ही. ‘जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलो) पाहिजे’ एवढं दिसलं की अर्ज रवाना होतो. खालचा बारीक मजकूर वाचायचा राहतो, आणि गोम तिथेच असते.

सीएसआयआर-यूजीसी नेटमधून मिळणारी जेआरएफ उमेदवाराच्या नावावर असते. जानेवारी २०२३पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, मग कामाचा आढावा घेऊन सीनियर रिसर्च फेलोशिपचे (एसआरएफ) ४२,०००, वर घरभाडे भत्ता. एकूण मुदत पाच वर्षं. जैवतंत्रज्ञान विभागाची (डीबीटी) ‘बेट’ आणि आयसीएमआरची परीक्षा हे असेच आणखी दोन मार्ग. खिशात स्वतःची फेलोशिप असली की गाइडशी बोलताना आवाजही जरा वेगळा लागतो.

प्रकल्पातली जेआरएफ मात्र प्रकल्पाची असते. शास्त्रज्ञाला एखाद्या प्रश्नासाठी अनुदान मिळतं, बहुधा तीन वर्षांचं, आणि त्यातून माणूस नेमला जातो. जाहिरातीत ‘पद निव्वळ तात्पुरते’ असं लिहिलेलंच असतं. पीएचडीची नोंदणी त्यासोबत मिळेलच असं नाही. ती वेगळी प्रक्रिया, वेगळी मुलाखत. जीवशास्त्रात तर हे गणित फारच अवघड जातं. हवा तो जनुकीय बदल असलेल्या उंदरांची पैदास करायची, त्याआधी नैतिकता समितीची परवानगी काढायची, परदेशातून येणाऱ्या अँटीबॉडीची वाट पाहायची, आणि कल्चरला बुरशी लागली की पुन्हा पहिल्यापासून. हे सगळं होईतो अनुदानाचं शेवटचं वर्ष उजाडतं. पेशींना आर्थिक वर्ष कळत नाही.

म्हणून प्रकल्पाची नोकरी वाईट, असं मी म्हणणार नाही. नेट निघाली नसेल तर वर्षभर प्रयोगशाळेत हात बसतो, शिफारसपत्र मिळतं, आणि आपल्याला हे काम खरंच झेपतं का तेही कळतं. पण एकामागून एक तिसरा प्रकल्प धरायची वेळ आली तर थांबून हिशेब मांडावा. मुलाखतीला गेल्यावर तिथल्या सीनियरना चहाला गाठून विचारावं: प्रकल्प कधी संपतो, इथून किती जणांची पीएचडीची नोंदणी झाली, मानधन वेळेवर येतं का? नोंदणीचं विचारणं महत्त्वाचं, कारण बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपसाठी तर आधी नोंदणी लागते, मग अर्ज.

परदेशी जायचं असेल तरी बारीक मजकूर वाचावाच लागतो. जर्मनीतल्या बऱ्याच प्रयोगशाळांत पीएचडी ही रीतसर नोकरी असते: करार, पगार, सामाजिक विमा. जाहिरातीत ‘टीव्ही-एल ई१३, ६५ टक्के’ असं दिसतं. म्हणजे त्या श्रेणीच्या पूर्ण पगाराचे ६५ टक्के. प्रयोगशाळेतले तास मात्र त्या प्रमाणात कमी होतात अशा भ्रमात कुणी राहू नये. युरोपीय संघाच्या मारी क्यूरी डॉक्टरल नेटवर्कमध्ये आणखी एक अट असते. नेमणुकीआधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून अधिक काळ उमेदवार नेमणूक करणाऱ्या संस्थेच्या देशात राहिलेला किंवा काम करत असलेला नसावा. त्यामुळे नुकतीच जर्मनीत दोन वर्षांची मास्टर्स केलेली मुलगी त्याच नेटवर्कमधल्या जर्मन जागेसाठी बाद ठरते, डेन्मार्कमधल्या जागेसाठी मात्र अर्ज करू शकते.