खेळाडूचे हृदय आणि निवडीची किंमत

वस्तू निवडताना ग्राहक दोन प्रश्न विचारतो : ती कशी आहे आणि तिची किंमत काय. ही किंमत केव्हा चुकती करावयाची, हा तिसरा प्रश्न तो सहसा विचारीत नाही. हृदयाची निकामी झडप बदलून घेण्याचा प्रसंग ज्या खेळाडूवर ओढवतो, त्याला मात्र हा तिसरा प्रश्नच आधी सोडवावा लागतो.

हा प्रसंग वाटतो तितका विरळा नाही. शेकडा १ ते २ माणसांच्या महारोहिणीच्या मुखाशी असलेली झडप जन्मतःच तीनऐवजी दोन पाकळ्यांची असते. पुष्कळांना त्याचा पत्ताही लागत नाही. काहींची झडप मात्र ऐन उमेदीत आक्रसते किंवा गळू लागते. भारतात याच्या जोडीला बालपणीच्या संधिज्वराने झडपा बिघडलेले रुग्ण आहेत. शस्त्रक्रियेनंतर पुन्हा मैदान गाठता येते, यात शंका नाही. अमेरिकेतील बेसबॉलपटू आरन बून याची झडप मार्च २००९ मध्ये बदलण्यात आली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात तो ह्यूस्टनच्या संघातून खेळला. प्रश्न आहे तो कोणती झडप घ्यावी, हा.

पहिला पर्याय यांत्रिक झडपेचा. अमेरिकेत स्टार आणि एडवर्ड्स यांनी १९६० मध्ये पिंजऱ्यातील चेंडूसारखी झडप माणसाच्या हृदयात बसविली. आजच्या झडपा कठीण कार्बनच्या दोन पाकळ्यांच्या असतात. त्या सहसा जन्मभर टिकतात. तथापि परक्या पृष्ठभागावर रक्त गोठू पाहते. म्हणून वॉर्फरिनसारखे रक्त पातळ ठेवणारे औषध रोज आणि आमरण घ्यावे लागते, वरचेवर रक्त तपासावे लागते. औषध कमी पडले तर गुठळी मेंदूपर्यंत जाण्याचे भय. अधिक झाले तर रक्तस्रावाचे. बैठे काम करणाऱ्यास हे पथ्य सांभाळता येते. कबड्डीपटूची किंवा मुष्टियोद्ध्याची गोष्ट वेगळी. डोक्यावरचा एक आघात त्याच्या जिवावर बेतू शकतो, आणि म्हणूनच हे औषध घेणाऱ्यांनी अंगलगटीचे खेळ खेळू नयेत, असे वैद्यकशास्त्र सांगते. खेळाडू स्त्री असेल तर आणखी एक विचार आहे; वॉर्फरिन गर्भाला अपायकारक ठरू शकते.

दुसरा पर्याय डुकराच्या झडपेपासून किंवा गाई-बैलांच्या हृदयावरणापासून तयार केलेल्या जैव झडपेचा. तिच्यासाठी जन्मभर वॉर्फरिन घेण्याची गरज सहसा पडत नाही. पण ती झिजते. साधारणपणे १० ते १५ वर्षे टिकते आणि तरुण शरीरात त्याहूनही लवकर खराब होऊ शकते. म्हणजे पंचविशीत ती घेणाऱ्याने चाळिशीच्या आसपास, कदाचित त्याआधीही, पुन्हा शस्त्रक्रियेची तयारी ठेवावयाची. फ्रान्समध्ये आलँ क्रिबिए यांनी २००२ मध्ये रक्तवाहिनीतून नळी घालून झडप बसविली, तेव्हापासून जुन्या झडपेत नवी बसविण्याचा मार्ग दिसू लागला. परंतु झडपेत झडप बसविली की रक्ताची वाट अरुंद होते, आणि धावताना हृदयाला कितीतरी पट अधिक रक्त लोटावे लागते.

तिसरा मार्ग डोनाल्ड रॉस यांनी १९६७ मध्ये लंडनमध्ये दाखविला. रुग्णाचीच फुप्फुस-रोहिणीची झडप काढून महारोहिणीच्या जागी लावावयाची आणि तिच्या जागी मृत दात्याची झडप बसवावयाची. जिवंत झडप श्रमाला उत्तम साथ देते. पण बिघाड एका झडपेचा आणि जोखीम दोन झडपांवर, असा हा व्यवहार आहे. शरीरसौष्ठवपटू अर्नोल्ड श्वार्झनेगर यांनी १९९७ मध्ये ही शस्त्रक्रिया करून घेतली. २०१८ मध्ये फुप्फुस-रोहिणीची आणि २०२० मध्ये महारोहिणीची झडप पुन्हा बदलावी लागली. मधली वीसेक वर्षे त्यांनी भरपूर वापरली. देणे मात्र चुकले नाही.

अर्थशास्त्राच्या भाषेत, यांत्रिक झडपेची किंमत रोजच्या हप्त्याने फेडावी लागते. जैव झडप हे मुदतीचे कर्ज आहे. तरुण माणसाला दूरचे देणे नेहमीच हलके वाटते. अमेरिकेतील २०२० च्या मार्गदर्शक सूत्रांनुसार महारोहिणीच्या झडपेबाबत पन्नाशीच्या आत सामान्यतः यांत्रिक आणि पासष्टीनंतर जैव झडप योग्य मानली जाते. मात्र शेवटी रुग्णाची इच्छा आणि त्याचे जीवन विचारात घेण्याचा आग्रहही त्यांत आहे. खेळाडूचे वय त्याला एकीकडे ओढते आणि त्याचा खेळ दुसरीकडे.

तेव्हा निवड त्याचीच असावी, हे खरे. पण ती मुक्त केव्हा म्हणावी? आपल्याकडे रेल्वेत, पोलिसांत खेळाडूंच्या राखीव जागांवर नोकरी मिळालेले असंख्य तरुण आहेत. मैदान सुटले तर भाकरीही सुटेल असे भय ज्याला वाटते, त्याने जैव झडप मागितली तर ती निवड त्याची की त्याच्या परिस्थितीची? तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने विकसित केलेली स्वदेशी यांत्रिक झडप १९९० मध्ये प्रथम बसविण्यात आली आणि झडपेची पहिली किंमत आवाक्यात आली. पुढची किंमत, म्हणजे औषध, तपासण्या आणि पंधरा वर्षांनंतरची दुसरी शस्त्रक्रिया, मात्र उरतेच. तेव्हा पदके धूळ खात असतात आणि टाळ्या वाजविणारे पांगलेले असतात. ज्या संस्था त्याच्या खेळावर आपले नाव मिरवितात, त्यांनी या दुसऱ्या किमतीचा वाटा उचलण्याची आणि खेळ सुटला तरी नोकरी न सुटण्याची हमी आधीच द्यावी. ती हमी मिळाली, तरच शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी त्या तरुणाला पुढच्या पाच वर्षांबरोबर पुढच्या पन्नास वर्षांचाही विचार करता येईल.