कुत्र्यासोबत पहिला मुक्कामी ट्रेक : गैरसमज आणि वस्तुस्थिती

थंडी पडू लागली की घरी कुत्रा असलेल्या मित्रमंडळींचे फोन सुरू होतात. "यंदा याला डोंगरावर न्यायचंय, रात्री तंबूत राहायचंय." जरूर न्या. पण काही समज घरीच तपासून घ्या, कारण त्यांची किंमत कुत्र्याला मोजावी लागते.

सगळ्यात पक्का समज म्हणजे "दमला की तो आपणहून बसेल." नाही बसत. तुम्ही चालताय तोवर तो मागे राहायला तयार नसतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांच्या गाद्यांना थोडा सुटतो, बाकी उष्णता तो मुख्यतः धापा टाकूनच बाहेर टाकतो. त्याच्या अंगाचं तापमान एरवी 38 ते 39 अंश सेल्सिअस असतं. ते 41 च्या पुढे गेलं की जीव धोक्यात येतो. जीभ गडद लाल, लाळ घट्ट आणि चाल अडखळती दिसली, तर त्याला सावलीत घ्या, पोट आणि पंजे साध्या पाण्याने भिजवा, वारा घाला आणि जनावरांचा डॉक्टर गाठा. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना धापाही नीट टाकता येत नाहीत. माझ्या मते त्यांना चढावर नेऊच नये.

सपाट वाट सोपी, हेही खरं नाही. लोणावळ्याहून राजमाचीला जाणारी वाट फारशी चढाची नाही, पण साधारण 15 किलोमीटरची आहे. रोज कॉलनीत दोन फेऱ्या मारणाऱ्या कुत्र्याला ती फार झाली. पहिल्या वेळी सकाळी लवकर निघून तासा-दीड तासात मुक्कामी पोचता येईल, एवढंच अंतर धरा. काळ्या कातळावर हाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवून बघा. चटका बसला, तर त्याच्या पंजांनाही बसणार.

आता रात्रीचं. "कुत्रा बाहेर बांधला की तंबूची राखण होते." सह्याद्रीत हा समज जीवघेणा आहे. अकोले तालुक्यातल्या बिबट्यांच्या आहाराचा विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला. बिबट्यांनी खाल्लेल्या भक्ष्यात वजनाच्या हिशेबाने 87 टक्के वाटा पाळीव जनावरांचा निघाला आणि एकट्या कुत्र्यांचा 39 टक्के. कळसूबाई आणि हरिश्चंद्रगड याच तालुक्यातले. म्हणून अंधार पडण्याआधी कुत्रा तंबूच्या आत घ्या. रात्री लघवीला न्यायचं झालं, तरी पट्टा हातात आणि टॉर्च लावूनच.

डोंगर सगळ्यांचा, तंबू कुठेही टाकावा, असंही नाही. कळसूबाई-हरिश्चंद्रगड आणि भीमाशंकर ही अभयारण्यं आहेत. तिथे जायला आणि राहायला वनखात्याचे नियम लागू होतात. शिवाय आपल्या कुत्र्याकडून कोल्ह्या-लांडग्यांना डिस्टेंपरसारखे रोग लागू शकतात. कुत्रा सोबत असेल तर अभयारण्य टाळावंच. पायथ्याच्या गावात शेतमालकाला विचारून त्याच्या पडीक वावरात तंबू लावा. पहिल्या मुक्कामाला याहून चांगली जागा नाही.

गोचीड फक्त पावसाळ्यात लागते असं मानू नका. मुक्कामी पोचल्यावर कानाच्या आत, काखेत आणि बोटांच्या बेचक्यांत बोट फिरवा. मोहरीएवढी गाठ लागली की केस बाजूला करून बघा. गोचीड असेल तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल नको, पेटती काडी तर नकोच. गोचीडतापाने चांगली धडधाकट कुत्री दगावतात.

"आपण खातो तेच त्याला देऊ", हेही चालत नाही. आपल्या खिशातल्या मनुकांनी त्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. कांदापोह्यातला कांदाही त्याला विषारीच. त्याचं नेहमीचं खाणं बांधून न्या. पाण्याचा अंदाज असा: 20 किलोच्या कुत्र्याला घरी बसूनही दिवसाला लिटरभर लागतं, चालताना त्याहून बरंच जास्त.

शेवटी पट्ट्याविषयी. "मोकळं सोडलं तरच त्याला मजा येते" असं म्हणणाऱ्यांनी वाडीतल्या कोंबड्या आणि करडं आठवावीत. गडावरचं टाकं हे तर माणसांच्या पिण्याचं पाणी आहे. कुत्र्याला त्यात उतरू देऊ नका. पाणी काढून घ्या आणि बाजूला नेऊन वाडग्यात पाजा.