डेटाबेसच्या कार्यक्षमतेचे मापन : काय मोजावे याची निवड

प्रस्तावना :

महाविद्यालयाचे कार्यालयीन कामकाज आता जवळजवळ संपूर्णपणे डेटाबेसवर अवलंबून आहे. प्रवेश, शुल्क, परीक्षा अर्ज, शिष्यवृत्ती, ग्रंथालय यांपैकी कोणतीही नोंद त्याशिवाय पूर्ण होत नाही. हे डेटाबेस नीट चालतात की नाही हे पाहण्यासाठी देखरेखीची अनेक साधने उपलब्ध असून ती शेकडो आकडे पडद्यावर दाखवू शकतात. अडचण आकड्यांच्या अभावाची नसून निवडीची आहे. यांपैकी कोणते आकडे पाहावेत आणि कोणते दिशाभूल करतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. खरेदी समिती व प्रवेश समितीवर सर्व विषयांचे प्राध्यापक असतात. त्यामुळे हा प्रश्न केवळ संगणकशास्त्र विभागाचा राहत नाही.

एक प्रसंग :

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखक एका ग्रामीण महाविद्यालयात कार्यरत असताना, विलंब शुल्काविना परीक्षा अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी, शुल्काच्या तीनही खिडक्यांवरील काम अडले. लिपिक पावतीचे बटण दाबत. पडदा सुमारे पन्नास सेकंद स्तब्ध राही आणि मग त्रुटीचा संदेश येई. मात्र सर्व्हरच्या देखरेखीच्या पडद्यावर प्रोसेसरचा वापर १२ टक्के, मेमरी पुरेशी, डिस्क निवांत आणि सर्व खुणा हिरव्या होत्या. "सर, सर्व्हर एकदम व्यवस्थित आहे, तुमचं नेटवर्क बघा," असे पुरवठादाराच्या प्रतिनिधीने दूरध्वनीवरून सांगितले. लेखकाने ते मान्य केले आणि दोन तास केबल तपासण्यात घालवले. दरम्यान, ज्यांची गावाकडची शेवटची एसटी साडेचारची होती ते विद्यार्थी एकेक करून रांगेतून निघून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांना विलंब शुल्क भरावे लागले.

कारण नंतर सापडले. पावती क्रमांक देण्यासाठी डेटाबेसमध्ये एकच ओळ होती. कोणतीही खिडकी पावती करू लागली की ती ओळ 'लॉक' होई आणि पावती छापून लिपिकाने 'ठीक' असे बटण दाबेपर्यंत लॉक सुटत नसे. त्या दिवशी एका छपाई यंत्रात कागद वारंवार अडकत होता. तो काढेपर्यंत उरलेल्या दोन्ही खिडक्या थांबून राहत. मायएसक्यूएलच्या इनोडीबी या साठवण-प्रणालीत ओळीच्या लॉकसाठी थांबण्याची मूळ मर्यादा ५० सेकंद असते. पडद्यावरील पन्नास सेकंदांचा उलगडा तोच. थांबलेली विनंती प्रोसेसर वापरत नाही, त्यामुळे तो १२ टक्क्यांवरच राहिला. कागद अडकला नसता तरी, एका पावतीला आठ सेकंद धरल्यास, तीन खिडक्या मिळून मिनिटाला सात-आठ पावत्यांपलीकडे जाऊ शकत नव्हत्या. एरवी गर्दी नसल्याने हे कोणाच्या लक्षात आले नव्हते.

साधनसामग्रीचे आकडे आणि कामाचे आकडे :

वरील प्रसंगात मोजले गेले ते यंत्राचे श्रम, विद्यार्थ्याचा वेळ नव्हे. ओरॅकल या प्रणालीच्या अभ्यासकांमध्ये हा वाद दीर्घकाळ चालला. 'बफर कॅश हिट रेशो', म्हणजे हवी असलेली पृष्ठे डिस्कऐवजी मेमरीत किती टक्के वेळा सापडली, हे प्रमाण तेथे कार्यक्षमतेचे मुख्य लक्षण समजले जाई. ९० टक्क्यांहून अधिक म्हणजे उत्तम, असा संकेत रूढ होता. परंतु एखादी क्वेरी १,००० पृष्ठे वाचत असून त्यांपैकी १०० डिस्कवरून येत असतील तर हे प्रमाण ९० टक्के येते. तीच क्वेरी निष्काळजीपणे लिहून तिने मेमरीतीलच पृष्ठे पुनःपुन्हा चाळत एकूण १०,००,००० वाचने केली, तर डिस्कवरील १०० वाचने तशीच राहून प्रमाण ९९.९९ टक्के होते. काम हजारपट वाढले आणि गुणपत्रिका मात्र सुधारली! कॉनर मॅकडॉनल्ड यांनी तर हवे ते प्रमाण मागितल्यास निरर्थक वाचने करून तेवढे प्रमाण गाठून देणारा एक छोटा प्रोग्रॅमच लिहून दाखवला. निकालाच्या टक्केवारीसाठी दुर्बल विद्यार्थ्यांना परीक्षेलाच बसू न देणाऱ्या संस्था ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना यात नवल वाटणार नाही.

केरी मिलसॅप यांनी जेफ होल्ट यांच्यासह २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'ऑप्टिमायझिंग ओरॅकल परफॉर्मन्स' या ग्रंथात वेगळी दिशा दिली. संस्थेच्या दृष्टीने महत्त्वाचे एक काम निवडावे, त्याला लागलेला वेळ मोजावा आणि तो वेळ कोठे कोठे खर्च झाला याचा हिशेब मांडावा, अशी ही पद्धत आहे. त्यासाठी विनंती प्रत्यक्ष चालली किती वेळ आणि थांबली किती वेळ व कशासाठी, हे वेगवेगळे कळावे लागते. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये चालू जोडण्यांच्या दृश्यातून प्रतीक्षेचे सविस्तर कारण दाखवण्याची सोय ९.६ या आवृत्तीत, म्हणजे २०१६ मध्ये आली. आज ही माहिती विनामूल्य प्रणालींतही मिळते. ती न पाहण्याला तांत्रिक सबब उरलेली नाही.

सरासरी आणि शततमक :

प्रतिसादकाल मोजावा हे मान्य केले तरी तो कोणत्या रूपात सांगावा हा प्रश्न राहतो. समजा, १०० विनंत्यांपैकी ९५ ना प्रत्येकी ०.२ सेकंद आणि पाचांना प्रत्येकी ३० सेकंद लागले. एकूण १६९ सेकंद, सरासरी १.६९ सेकंद. हा अनुभव शंभरांपैकी एकालाही आलेला नाही. मध्यगा ०.२ सेकंद सांगेल आणि त्या पाच जणांचा मागमूस राहणार नाही. म्हणून मध्यगेसोबत ९९ वे शततमक नोंदवणे इष्ट ठरते. येथे ते ३० सेकंद येते. शिक्षणशास्त्राच्या अध्यापकांना शततमक परिचित आहेच.

रांगेचे गणित :

वापराचे प्रमाण निरुपयोगी आहे असे मात्र नव्हे. रांग-सिद्धांतातील सर्वांत साध्या प्रतिमानानुसार (एक सेवक, यादृच्छिक आगमन) एकूण लागणारा वेळ हा सेवेच्या वेळेच्या, वापर ५० टक्के असता दुप्पट, ८० टक्क्यांना पाचपट आणि ९५ टक्क्यांना वीसपट होतो. म्हणजे ५० वरून ६० टक्क्यांवर जाणे आणि ८५ वरून ९५ टक्क्यांवर जाणे या दोन सारख्या घटना नव्हेत.

जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम याहून साधा व अधिक उपयोगी आहे : प्रणालीत एका वेळी असलेल्या विनंत्यांची सरासरी संख्या म्हणजे आगमनाचा दर गुणिले प्रत्येकीला लागणारा सरासरी वेळ. सेकंदाला २० विनंत्या येत असून प्रत्येकीला अर्धा सेकंद लागत असेल तर एका वेळी १० विनंत्या आत असतात. काही कारणाने तो वेळ पाच सेकंद झाला आणि विनंत्या तशाच येत राहिल्या, तर १००. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये जोडण्यांची मूळ मर्यादा १०० असून त्यातील तीन प्रशासकासाठी राखीव असतात. प्रत्येक विनंती एक जोडणी अडवते असे धरल्यास या टप्प्यावर नव्या विनंतीला प्रवेशच मिळणार नाही. अशा वेळी मर्यादा वाढवून मागितली जाते. परंतु वाढला आहे तो वेळ. जोडण्यांची गर्दी हे त्याचे लक्षण आहे.

प्रत्यक्षात केलेली निवड :

त्या प्रसंगानंतर महाविद्यालयात दर मिनिटाला पाचच गोष्टींची नोंद सुरू करण्यात आली : पूर्ण झालेल्या पावत्या, पावतीच्या प्रतिसादकालाचे ९९ वे शततमक, अयशस्वी विनंत्या, लॉकसाठी थांबलेल्या विनंत्या आणि सर्वांत जुने ट्रान्झॅक्शन किती वेळ उघडे आहे. पाचवी नोंद त्या दिवशी असती तर छपाई यंत्रापर्यंत पोहोचायला दहा मिनिटे पुरली असती. सावधगिरीचा इशारा एकाच आकड्यावर, शततमकावर, ठेवला. पाचांवर ठेवला असता तर दूरध्वनी सतत वाजून आठवड्याभरात कोणीतरी तो बंद केला असता. प्रोसेसर, मेमरी व डिस्क यांची नोंदही चालू ठेवली, पण ती तक्रार आल्यावर कारण शोधताना पाहण्यासाठी. या नोंदी किमान एक शैक्षणिक वर्ष जपाव्या लागतात, कारण जुलैतील प्रवेशाच्या आठवड्याची तुलना डिसेंबरशी करून काहीच हाती लागत नाही. ती मागील जुलैशीच करावी लागते. पावती क्रमांकाची ओळ आता छपाईपूर्वीच मोकळी होते. त्यामुळे छपाई फसल्यास तो क्रमांक रद्द म्हणून नोंदवावा लागतो. लेखा विभागाने यास प्रारंभी हरकत घेतली होती. रद्द पावत्यांची स्वतंत्र नोंदवही ठेवण्याच्या अटीवर ती मागे घेण्यात आली.