तिग्राय युद्ध आणि परदेशस्थांची हॅशटॅग मोहीम

इथिओपियाच्या उत्तरेकडील तिग्राय प्रांतात ४ नोव्हेंबर २०२० रोजी केंद्रीय सैन्य आणि तिग्राय पीपल्स लिबरेशन फ्रंट यांच्यात युद्ध पेटले व त्याच सुमारास तेथील दूरध्वनी आणि इंटरनेट सेवा खंडित झाल्यामुळे, अमेरिका-युरोपात स्थायिक झालेल्या तिग्रायी लोकांना आपले आईवडील हयात आहेत की नाहीत, हेही कळेनासे झाले. मायदेशाबाहेर विखुरलेल्या, परंतु त्याच्याशी नाते राखून असलेल्या अशा समाजाला ‘डायस्पोरा’ म्हणतात. ‘स्टँड विथ तिग्राय’ या डायस्पोरातील गटाने तयार मजकूर एका टिचकीसरशी ट्विटरवर पाठवण्याची सोय केली. त्यातील हॅशटॅगमुळे, म्हणजे एका विषयाच्या नोंदी एकत्र आणणाऱ्या खूणशब्दामुळे, विखुरलेले आवाज एकवटले. नव्याने उघडलेली खाती आणि एकसारखा मजकूर पाहून ही सारी यंत्रचलित खाती असल्याचा आरोप झाला. वास्तविक त्यांमागे पुष्कळदा काळजीने व्याकुळ झालेली माणसेच होती, आणि हा आरोप त्यांच्यावर अन्याय करणारा होता. दुसरीकडे, नोव्हेंबर २०२१ मध्ये परदेशस्थ इथिओपियन व एरिट्रियन लोकांनी पाश्चात्त्य हस्तक्षेप आणि वार्तांकन यांविरुद्ध ‘नो मोअर’ मोहीम उभारली, म्हणजे एकाच प्रदेशातून बाहेर पडलेले समाज परस्परांसमोर ठाकले. त्याच महिन्यात ट्विटरने इथिओपियापुरता ‘ट्रेंड्स’ हा चर्चेतील विषय दाखवणारा विभाग तात्पुरता बंद केला. २ नोव्हेंबर २०२२ च्या प्रिटोरिया करारात शस्त्रसंधीबरोबरच शत्रुत्वाचा प्रचार व द्वेषमूलक भाषा थांबवण्याचेही बंधन केंद्र सरकार आणि तिग्राय पीपल्स लिबरेशन फ्रंट या उभय पक्षांनी स्वीकारले.